बॅडमिंटनची जाळी उंच होती म्हणून

नागपुरातल्या एका डॉक्टर दांपत्याची थोरली मुलगी बॅडमिंटन शिकायला जायची. धाकटीलाही तिथेच घालावं असा घरच्यांचा विचार होता. पण धाकटी जेमतेम पाच वर्षांची, आणि जाळी तिच्या मानाने फारच उंच. त्याच इमारतीत बुद्धिबळाचा वर्ग चालायचा, तिथे तिला बसवलं. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी शहरात याच धाकटीने, दिव्या देशमुखने, कोनेरू हंपीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि त्या विजयाबरोबर ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हा ती १९ वर्षांची होती.

बॅडमिंटनची जाळी मध्यभागी १.५२ मीटर उंच असते. पाच वर्षांची मुलगी साधारण १.१० मीटरच्या आसपास. या चाळीसेक सेंटिमीटरच्या फरकाने देशाला एक ग्रँडमास्टर मिळाली! खेळाडूंच्या चरित्रांत असे योगायोग इतके सापडतात की वाचताना थक्क व्हायला होतं. पानिपतजवळच्या गावातला नीरज चोप्रा अंगाने जाड होता. वजन उतरावं म्हणून घरच्यांनी त्याला मैदानावर पाठवलं आणि तिथे त्याने भाला फेकणारी मुलं पाहिली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेत चालत-पळत जायचा, कारण जायला दुसरी सोय नव्हती. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि स्पर्धांसाठी धावायला लागला तो त्यानंतर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक त्याने आणलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. तिथे आधी वर्षभर सर्वसाधारण तयारी आणि मग एक खेळ निवडायचा, अशी पद्धत होती. त्याने नेमबाजी निवडली. तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात पदक मिळवणारा तो पहिला भारतीय.

मे महिना जवळ आला की सोसायटीच्या फलकावर शिबिरांची पत्रकं लागतात. पोहणं, स्केटिंग, कराटे, फुटबॉल, बुद्धिबळ, कीबोर्ड, अबॅकस. पालकांच्या मनात एकच प्रश्न असतो: याला नेमकं कशात घालायचं? प्रश्न प्रेमापोटी येतो, आणि त्यात एक धास्तीही असते. शेजारची मुलगी चौथ्या वर्षापासून स्केटिंग करते, आपल्याला उशीर तर होत नाही ना? या धास्तीला उत्तर द्यायचं, तर सहा-सात वर्षांच्या मुलाच्या शरीरात काय चाललेलं असतं ते आधी पाहायला हवं. ते पाहिलं की हा प्रश्न निराळ्याच रीतीने विचारावासा वाटतो.

लंगडीपासून सुरुवात करू. आपण ज्याला पोरखेळ म्हणतो तो हा खेळ माणसाच्या शरीराने साधलेली एक थोर करामत आहे, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी जवळपास काटकोनात. डोकं वळलं की नलिकेतला द्रव किंचित मागे रेंगाळतो, आणि त्यावरून मेंदूला वळण कळतं. दुसरी खबर डोळे देतात. तिसरी येते तळव्यातून, घोट्यातून, गुडघ्यातून: स्नायू किती ताणला गेलाय, सांधा किती वाकलाय, भार टाचेवर आहे की चवड्यावर. या तिन्ही खबरा जुळवून पायाचे स्नायू क्षणाक्षणाला आवळत-सैल होत राहतात, तेव्हा कुठे माणूस एका पायावर उभा राहतो. लंगडी घालणारं पोर हे सगळं उडी मारून, पुन्हा त्याच पायावर उतरून, वळणं घेत, पळणाऱ्याचा माग काढत करतं. वर ओरडतही असतं.

अगदी लहान मूल तोलासाठी मुख्यतः डोळ्यांवर विसंबतं. चार ते सहा या वयात मेंदू तिन्ही खबरा एकत्र जुळवायला लागतो, आणि नवल असं की त्या काळात तोल उलट बेभरवशाचा होतो. मोठ्यांच्या जवळ जाणारी जुळणी सातव्या वर्षानंतर दिसू लागते. पाच वर्षांचं मूल कपाटाला, दाराला, पाहुण्यांना धडकत फिरतं तेव्हा त्याला वेंधळा म्हणून हिणवू नये. त्याचा मेंदू जुनी पद्धत सोडून नवी उचलत असतो.

या सगळ्या जुळवाजुळवीत मोठा वाटा असलेला भाग डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला आहे. त्याला लहान मेंदू किंवा अनुमस्तिष्क म्हणतात. वजनाने तो संपूर्ण मेंदूच्या जेमतेम दहावा हिस्सा. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, आणि त्यांतल्या सुमारे ६९ अब्ज या दहाव्या हिश्शात दाटीवाटीने बसलेल्या असतात. भाषा, हिशेब, नियोजन यांसाठी आपण ज्याचं कौतुक करतो त्या मोठ्या मेंदूच्या बाह्यस्तराच्या वाट्याला येतात साधारण १६ अब्ज. लहान मेंदू हालचालींखेरीज इतर कामांतही हात घालतो, हे आता कळू लागलं आहे. पण हालचाल सुबक करणं, चूक झाली की पुढच्या वेळी ती दुरुस्त करणं, ही त्याची खास कामगिरी. पोर शंभरदा चेंडू सोडतं आणि एकशे एकाव्या वेळी पकडतं, तेव्हा ते शंभर चेंडू वाया गेलेले नसतात. प्रत्येक सुटलेल्या चेंडूने या अब्जावधी पेशींच्या जुळणीत कुठेतरी बारीकसा बदल केलेला असतो.

चेंडू पकडणं हे तर भविष्य वर्तवण्याचं काम आहे. पाच मीटरवरून आईने हळूच टाकलेला चेंडू मुलापर्यंत यायला सुमारे एक सेकंद घेतो. डोळ्याने पाहिलेलं हातापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि लहान मुलाला तो मोठ्या माणसापेक्षा बराच जास्त लागतो. त्यामुळे चेंडू जिथे दिसतो तिथे हात नेला तर चेंडू तोवर पुढे गेलेला असतो. तो कुठे असेल हे आधी ओळखावं लागतं. तीन वर्षांचं मूल दोन्ही हात ताठ पुढे करून डोळे मिटून घेतं. सातआठ वर्षांचं मूल पाय हलवून चेंडूखाली जातं. मधल्या काळात कुणी त्याला गतीची समीकरणं शिकवलेली नसतात.

वेगाचीही एक गोष्ट आहे. चेतातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढतं, वायरवरच्या प्लास्टिकसारखं. उघड्या, बारीक तंतूतून संदेश सेकंदाला एखाद-दोन मीटर जातो. जाड आवरणाच्या तंतूतून सेकंदाला शंभर मीटरच्या घरात. हे आवरण जन्मापासून विशीपर्यंत आणि त्यानंतरही चढत राहतं. जे मार्ग वापरात असतात त्यांवर ते वाढतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

एवढं पाहिल्यावर कळतं की सहा वर्षांच्या शरीराला फुटबॉल आणि क्रिकेट यांत फारसा फरक करायचा नसतो. त्याला हवं असतं पळणं, थांबणं, वळणं, उडी, लंगडी, फेक, झेल, लाथ, लोंबकळणं, लोळणं, तरंगणं. हा ऐवज जितका मोठा, तितकं पुढे कोणताही खेळ उचलणं सोपं.

आपल्याकडच्या गल्लीतल्या खेळांत हा ऐवज किती भरलेला होता ते मोजायला गेलं की अचंबा वाटतो. लगोरीत नेम आणि चपळाई. विटीदांडूत उडत्या विटीवर दांडू बसवायचा. सूरपारंब्यांत लोंबकळणं आणि पकड. आट्यापाट्यांत हुलकावणी. डबा ऐसपैसमध्ये कोण कुठे लपलंय याचा नकाशा डोक्यात ठेवायचा. खो-खोत बसलेल्या जागेवरून एका क्षणात उठून पूर्ण वेगाने सुटायचं आणि तरीही नियमाची दिशा मोडायची नाही. यांतला कोणताही खेळ कुणी मुलांच्या मेंदूसाठी आखलेला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांनी जे आवडलं ते ठेवलं, आणि जे आवडलं ते वाढत्या शरीराला हवं होतं तेच निघालं. खो-खो तर २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत भरलेल्या पहिल्या विश्वचषकापर्यंत गेला. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला.

आणि मल्लखांब! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभट्टदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली. पुरलेल्या खांबाला एरंडेल लावतात, त्यामुळे पकड सैल झाली की शरीर लगेच घसरतं आणि मुलाला चूक तिथल्या तिथे कळते. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी धरायची असते. डोकं खाली, पाय वर, अंगाचा पीळ उलटा, आणि तरी आपण कुठे आहोत याचं भान पक्कं. कानातल्या नलिका, स्नायू, सांधे, लहान मेंदू या सगळ्यांची इतकी कसून तालीम घेणारा, आणि तीही एका लाकडी खांबावर किंवा एका दोरीवर, असा दुसरा प्रकार मला माहीत नाही. मूल पुढे क्रिकेट खेळो, नाचो, डोंगर चढो की काहीच न करो, दोन वर्षं मल्लखांब केलेलं शरीर ते शिकलेलं विसरत नाही. तुमच्या गावात मल्लखांब शिकवणारी व्यायामशाळा असेल, तर एकदा तरी संध्याकाळी मुलाला घेऊन जाच.

दमण्याबद्दल बोलायला हवं, कारण इथे विज्ञानाने पालकांच्या रोजच्या अनुभवावर शिक्का मारला आहे. फ्रान्समधले सेबास्तियाँ रातेल आणि ऑस्ट्रेलियातले अँथनी ब्लाझेविच यांच्या गटाने २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठ ते बारा वर्षांची, खेळाचं खास प्रशिक्षण नसलेली मुलं, तशीच प्रशिक्षण नसलेली प्रौढ माणसं आणि राष्ट्रीय दर्जाचे दमश्वासाचे खेळाडू, अशा तीन गटांना सायकलवर जीव तोडून पॅडल मारायला लावलं. थकव्याला तोंड देण्यात मुलं त्या कसलेल्या खेळाडूंच्या बरोबरीची निघाली, आणि श्रमांनंतर सावरण्यात काही मोजमापांत त्यांच्याही पुढे. मुलांचे स्नायू ऊर्जेसाठी ऑक्सिजनवर अधिक भर देतात आणि थकवा आणणारी द्रव्यं लवकर निपटून काढतात. दिवसभर हुंदडून आल्यावर पाच मिनिटांत पुन्हा ‘चल ना खेळायला’ म्हणणारं पोर खरोखरच ताजंतवानं झालेलं असतं.

उन्हाचं मात्र उलटं आहे. मुलांना घाम कमी येतो, आणि वजनाच्या मानाने त्यांची त्वचा जास्त असल्याने बाहेर उकडत असेल तर ती उष्णताही जास्त शोषतात. विदर्भ-मराठवाड्यात मेच्या शिबिराची वेळ सकाळी नऊनंतरची असेल, तर शिबिर कितीही नावाजलेलं असलं तरी नको.

हाडांची कथा दुहेरी आहे. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या दोन्ही हातांची हाडं तपासली गेली. त्याचा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा भरीव असतंच. पण ज्यांनी पाळी सुरू होण्याच्या आधी किंवा त्या सुमारास खेळायला सुरुवात केली होती, त्यांच्यात हा लाभ उशिरा सुरू केलेल्यांच्या सुमारे दुप्पट होता. उड्या, लंगडी, धावणं यांनी हाडांवर पडणारा भार लहानपणी हाडं घडवतो. मुलींना आठव्या-नवव्या वर्षी ‘आता मोठी झालीस, उड्या कसल्या मारतेस’ म्हणणारं घर नकळत त्यांच्या साठीतल्या हाडांचं नुकसान करत असतं.

दुसरी बाजू अशी की हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या असतात, कूर्चेच्या, आजूबाजूच्या हाडापेक्षा नाजूक. या चकत्या मुलींमध्ये साधारण चौदा-पंधराव्या आणि मुलांमध्ये सोळा-सतराव्या वर्षांपर्यंत पक्क्या हाडात बदलतात. तोवर एकाच सांध्यावर तोच ताण हजारो वेळा पडला, तर टाच, गुडघा, कोपर, मनगट यांपैकी काहीतरी दुखू लागतं. लहान वयातल्या वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्यांना बारीक चिरा जातात, म्हणून इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने कोणत्या वयाने दिवसाला किती षटकं टाकावीत यावर मर्यादा घातली आहे. शिकागोजवळ हजाराहून अधिक मुलांवर झालेल्या एका अभ्यासातून एक साधं माप हाती आलं: आठवड्याला शिस्तीच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त झाले, की अतिताणाच्या दुखापती वाढतात. नऊ वर्षांच्या मुलाला आठवड्याला नऊ तासांच्या आत. गल्लीतला खेळ यात धरायचा नाही; तो मूल स्वतःच दमलं की थांबवतं.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत जास्त अस्वस्थ करते. १९८० च्या दशकात कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आइस हॉकीचा सामना पाहायला गेले असताना त्यांच्या पत्नीच्या हातात खेळाडूंच्या माहितीची पुस्तिका होती. तिच्या लक्षात आलं की बहुतेकांचे वाढदिवस जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमधले आहेत. मोजून पाहिल्यावर ते खरं निघालं, आणि मग देशोदेशी, खेळामागून खेळात तेच सापडत गेलं. कारण ज्योतिषाचं नाही. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजायचे. जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच गटात. सात वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ आठवा भाग! थोरलं मूल साहजिकच उंच, वेगवान, समजूतदार. प्रशिक्षकाला ते ‘गुणी’ वाटतं, त्याला चांगल्या संघात घेतात, जास्त सराव मिळतो, आणि काही वर्षांनी ते खरोखरच पुढे गेलेलं असतं.

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठीही वय ३१ डिसेंबरला मोजतात. तुमचं मूल ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरातलं असेल आणि शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत मागे राहत असेल, तर त्यावरून काहीही ठरवू नका. दिव्या देशमुखचा जन्मही डिसेंबरचाच. आणि शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना कळकळीची विनंती, संघ निवडताना यादीत जन्ममहिनाही लिहा आणि एकदा त्यावरून नजर फिरवा.

मग लवकर सुरुवात केली, एकच खेळ धरला, तर फायदा होतो की नाही? २०२१ मध्ये आर्न ग्युलिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ अभ्यास एकत्र करून ६०९६ खेळाडूंचा मागोवा घेतला. त्यांत जागतिक शिखरावरचे ७७२ जण होते. निष्कर्ष वाचून पालकांनी खुर्चीत सावरून बसावं असा आहे. किशोरवयात चमकणारे खेळाडू लवकर सुरुवात केलेले, एकाच खेळाचा भरपूर सराव केलेले आणि भराभर पुढे गेलेले होते. पण मोठेपणी जागतिक दर्जा गाठणाऱ्यांनी, राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांच्या तुलनेत, लहानपणी अधिक खेळ खेळले होते, मुख्य खेळ उशिरा धरला होता आणि सुरुवातीला त्यांची प्रगती सावकाश होती. बारा वर्षांखालच्या करंडकाकडे नेणारा रस्ता आणि पंचविशीतल्या यशाकडे नेणारा रस्ता, हे दोन वेगळे रस्ते आहेत. जिम्नॅस्टिक्ससारख्या प्रकारांत सुरुवात लवकर करावी लागते हे खरं. तिथे पालकांनी दुप्पट सावध राहायला हवं.

नॉर्वेने हे धोरणातच उतरवलं. मुलांच्या खेळांचे नियम तिथे १९८७ पासून आहेत. अकराव्या वर्षापर्यंत गुणतक्ते आणि क्रमवारी नाही. तेराव्या वर्षापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा नाहीत. बक्षिसं द्यायची तर सगळ्यांना. मुलाला कोणता खेळ, किती खेळायचा हे सांगण्याचा हक्क आहे. पंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीच्या या देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदकं मिळवली, सर्व देशांत जास्त. २०२२ मध्ये १६ सुवर्णपदकं, तीही सर्वांत जास्त. नॉर्वेकडे बर्फ आहे, पैसा आहे, हे मान्य. पण बर्फ आणि पैसा इतर देशांकडेही आहे.

राहिली आवड. तिच्याबद्दल आपण सर्वांत जास्त बोलतो आणि तिच्याशीच सर्वांत जास्त दांडगाई करतो. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना काहीच न सांगता शेवटी तेच दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंगीत पेनं पुन्हा समोर ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ त्यांच्याशी खेळली. जे आनंदाचं होतं ते मोबदल्याचं झालं होतं. आपल्याकडे तीन महिन्यांच्या वर्गाच्या शेवटी भाग घेणाऱ्या प्रत्येकाला चकचकीत पदक, आणि ते मिळणार हे पहिल्या दिवशीच जाहीर. या पदकांचं काय करायचं याचा विचार शिबिरवाल्यांनी करायला हवा.

शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८५ च्या आपल्या पुस्तकात पियानोवादक, पोहणारे, टेनिसपटू, शिल्पकार, गणिती, मेंदूशास्त्रज्ञ अशा अव्वल दर्जाच्या १२० माणसांचं बालपण तपासलं. त्यांचे पहिले गुरू बहुधा आपापल्या क्षेत्रातले मोठे नावाजलेले नव्हते. ते मायाळू होते आणि शिकणं मजेचं करत होते. कसून शिकवणारे पुढे आले. म्हणून सहा वर्षांच्या मुलासाठी शहरातल्या सगळ्यात कडक सरांच्या रांगेत उभं राहण्याची गरज नाही. ज्यांच्या वर्गातून मुलं हसत बाहेर पडतात, ते सर किंवा त्या मॅडम पुरेशा आहेत.

आवड ओळखायची तर मुलाला लांबून पाहावं. अजित तेंडुलकर धाकट्या भावाला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे घेऊन गेला तेव्हा सचिन अवघडला होता, खेळ काही जमेना. अजितने सरांना विनंती केली की त्याला आणखी एक संधी द्या आणि या वेळी झाडाआडून पाहा. कुणी पाहत नाही असं वाटल्यावर मुलगा मोकळा खेळला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. वर्गात मूल काय करतं यापेक्षा वर्ग संपल्यावर काय करतं, घरी आल्यावर मोज्यांचा चेंडू करून भिंतीवर मारतं का, पावसाने सराव रद्द झाला तर खट्टू होतं की सुटकेचा श्वास टाकतं, यावरून फार कळतं. गाणं, तबला, चित्रकला, बुद्धिबळ यांनाही हेच लागू. व्हायोलिनवादकांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांचा प्रदेश विस्तारलेला असतो, आणि सुरुवात जितकी लहानपणी तितका तो विस्तार जास्त, हे १९९५ मध्ये जर्मनीत दिसलं. संगीत लवकर कानावर आणि हातात यावं. पण त्यासाठी परीक्षांच्या पायऱ्या लवकर चढायला हव्यात असं नाही.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून टाकते. पोहणं ही आवडीची बाब धरू नका. ते प्रत्येक मुलाला आलंच पाहिजे, कारण ते जीव वाचवतं. बाकीचं बदलत राहू द्या: एक पळण्याचा खेळ, एक अंग वळवणारा प्रकार, एक बसून करायची गोष्ट, आणि सहा महिन्यांनी, वर्षाने त्यांत फेरफार. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास दमवणारी हालचाल सांगते; घराजवळचं मोकळं मैदान आणि चार सवंगडी यांत तो तास भरतो. वर्ग घरापासून इतकाच लांब असावा की जाण्यायेण्यातच मूल पेंगणार नाही. मुलगी असेल तर तिथे स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का हे आधी पाहा. दहा-अकराव्या वर्षानंतर ते नसल्यामुळे मैदान सोडणाऱ्या मुली आपल्या आसपास आहेत. पालकांना सराव पाहायला मज्जाव करणारा वर्ग नको.

वर्षभराची फी एकदम भरू नका. आधी एका महिन्याची भरा, आणि हा महिना कसा गेला ते मुलालाच विचारा. ‘नको’ म्हणालं तर कारण विचारा, कारण कधी नको असतो तो खेळ, कधी सर, कधी फक्त बुटाचा चिमटा. आणि आठवड्यातला एक दिवस कोणताच वर्ग ठेवू नका. त्या दिवशी मूल आपण होऊन काय खेळतं ते एका वहीत तारखेसह लिहीत चला. बाराव्या-तेराव्या वर्षी खेळ निवडायची वेळ आली की ती वही मुलाच्या हातात द्या आणि निर्णय त्याला घेऊ द्या.